प्लास्टर निघालं पण हात चालत नाही: तुमचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या, की पावसात पायरीवरून घसरून माझं डावं मनगट मोडलं, आणि ३१ वर्षं हाडांच्या वॉर्डात नोकरी केलेली मी, पण कॅज्युअल्टीच्या त्या स्ट्रेचरवर पडल्यावर पार घाबरून गेले होते. तुमच्यापैकी कोणाचा हात मोडला असेल तर दवाखान्यात आणि मग घरी आल्यावर काय अनुभव आला ते कळवा असंही लिहिलं होतं. पत्रांचा ढीग आलाय. आणि बहुतेक पत्रांत तक्रार एकच, की हाड बसवलं, प्लास्टर घातलं, घरी पाठवलं, पण घरी काय करायचं ते कोणी धड सांगितलं नाही. म्हणून यावेळी सगळी जागा ह्याच विषयाला. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे, ऑपरेशन करायचं की नाही, गोळी बदलायची की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांना काय विचारायचं ते मी नक्की सांगू शकते.

सातारा जिल्ह्यातून एक ताई, वय ५८: मोरीत पाय घसरला आणि हात टेकून पडले, उजवं मनगट मोडलं. कार्डावर कोलीज फ्रॅक्चर असं लिहिलंय. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून १२ दिवस झाले. वाटलं होतं प्लास्टर निघालं की सुटले, पण हात माझा वाटतच नाही हो, सुकलेला, साल निघतेय, बोटं सुजलेली, मूठ वळत नाही, भाकरी थापायचं सोडाच साधा तांब्या धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, कुठला ते विचारलं तर म्हणाले बोटं हलवा, मागे एवढी मोठी लाईन होती की मी गप्प उठले. जाऊबाई म्हणतात पलीकडच्या गावात हाडवैद्य आहे, तो तेल लावून मोकळा करून देतो. जाऊ का? हाड चुकीचं तर बसलं नसेल ना?

ताई, आधी घाबरू नका. सहा आठवडे बांधून ठेवलेला हात असाच दिसतो. कातडी निघणं, केस जास्त वाटणं, हात बारीक होणं, थोडी सूज, मनगट लाकडासारखं आखडणं, हे सगळं जवळजवळ प्रत्येकाला होतं आणि ते कोणीतरी प्लास्टर काढायच्या आधीच सांगायला हवं असतं, म्हणजे घरी येऊन माणूस रडत बसत नाही. मी स्वतः वॉर्डात शेकडो हात बघितलेत तरी माझा बघून मला कसंतरीच झालं. कोलीज म्हणजे काही वेगळा आजार नाही, आपण पडताना हात टेकतो तेव्हा मनगटाच्या जरा वरचं मोठं हाड मोडतं आणि हाताचा पंजा मागे सरकतो, ते फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कोलीज नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये ते लिहून ठेवलं, एक्सरेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, नुसतं हाताने तपासून.

हाडवैद्याकडे जाऊ नका. मी कोणाच्या विद्येचा अपमान करत नाहीये, पण ज्याने तुमचा एक्सरे बघितलेला नाही त्याने सहा आठवड्याचं कोवळं जुळलेलं हाड जोर लावून चोळायचं, ओढायचं, हे मला चालणार नाही. कातडीला खोबरेल तेल हलक्या हाताने तुम्हीच लावा, ते चांगलंच आहे. जोर लावून "मोकळं" करणं वेगळं.

आता व्यायाम, जो तुम्हाला दाखवायला हवा होता. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग सुरू करा. बोटं एकदम सरळ. मग फक्त पेरं वाकवून आकड्यासारखी, मग बोटं सरळ ठेवून मुळातून वाकवून टेबलासारखी, मग पूर्ण मूठ, जितकी वळेल तितकी, आणि दुसऱ्या हाताने हळूच थोडी पुढे. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, करंगळीपर्यंत पोचायला वेळ लागेल, लागू दे. मनगटासाठी नमस्कार करायचा आणि जोडलेले हात छातीपासून हळूहळू खाली न्यायचे, तळवे सुटू द्यायचे नाहीत, मग उलटा नमस्कार म्हणजे हाताच्या पाठी एकमेकींना लावून. आणि सगळ्यात अवघड, कोपर कमरेला चिकटवून तळवा वर करायचा, आपण प्रसाद घ्यायला हात पुढे करतो ना तसा. हे वळणं सगळ्यात उशिरा येतं, ह्यावरच लोक हार मानतात. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा, एकदाच तासभर घाम गाळून नाही. ताण जाणवला पाहिजे, थोडं दुखेलही, पण केल्यानंतर अर्धा-एक तास होऊनही ठणका राहिला तर जास्त झालं समजा आणि पुढच्या वेळी कमी करा. दोन-तीन आठवड्यांनी मऊ कणीक मळायला घ्या, ह्याहून चांगलं फिजिओचं साधन घरात दुसरं नाही. कुकर, पाण्याची भरलेली बादली, हंडा मात्र उजव्या हाताने नाही, साधारण पडल्यापासून तीन महिने तरी, आणि आधी डॉक्टरांना विचारून. मुठीतला जोर पूर्ण यायला सहा महिने ते वर्ष लागतं, माझा सात महिन्यांनी आला. खांदाही रोज पूर्ण वर न्या, मनगट जपता जपता खांदा आखडलेल्या बायका मी खूप बघितल्यात.

तीन गोष्टींसाठी थांबू नका, लगेच दाखवा. एक, हातात आगीसारखी जळजळ, कातडी चकचकीत ताणलेली, रंग बदलतोय, घाम येतोय, नुसता कपडा लागला तरी असह्य होतंय, तर तो नुसता आखडलेला हात नाही, त्याचा उपचार वेगळा आणि जितका लवकर तितका बरा. दोन, अंगठा एक दिवस अचानक वर उचलता येईनासा झाला, ह्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी कधीकधी अंगठा उचलणारी दोरी (टेंडन) तुटते. तीन, पहिल्या तीन बोटांना सतत मुंग्या, रात्री जाग येते इतक्या. हाड नीट बसलं का हे मी कागदावरून सांगू शकत नाही, पण डॉक्टरांकडे दोन एक्सरे शेजारी ठेवून मागा, पहिला आणि शेवटचा, आणि "दाखवा मला" म्हणा. दाखवतात.

आणि ताई, अजून एक, जे तुम्ही विचारलंच नाही. पन्नाशीनंतर नुसतं उभ्याउभ्या घसरून मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालीत का हे बघायलाच हवं, कारण आज मनगट, उद्या खुबा. हाडं किती भरीव आहेत ते मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल विचारा, ड जीवनसत्त्वाची तपासणी विचारा. नाचणी, दूध, तीळ चालू ठेवा, मिसरी लावत असाल तर सोडा, तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो. आणि त्या मोरीत खरखरीत फरशी नाहीतर निदान रबरी मॅट आणि भिंतीला धरायला दांडा, हे घरच्यांना ह्याच आठवड्यात करायला सांगा.

नाशिकहून एक आई: माझा सात वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून पडला, कोपराच्या वर मोडलं, रात्री भूल देऊन दोन तारा घातल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्या रात्री तो किंचाळत होता, औषध देऊनही थांबेना, बोटं सुजून थंड पडलेली, हात लावू देईना. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले दुखणारच, सकाळी ओपीडीला आणा. आम्ही तसेच रिक्षाने गेलो, ड्युटीवरच्या डॉक्टरने पट्टी कापून स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) सैल केला आणि दहा मिनिटांत पोरगं झोपलं. पण सकाळी मोठे डॉक्टर रागावले की उगाच धावपळ केलीत. आम्ही चुकलो का?

नाही. अजिबात नाही, आणि हे मी अगदी ठामपणे लिहितेय कारण ह्या एका गोष्टीवर मी वॉर्डात भांडलेय. लहान मुलाचं कोपराच्या वरचं फ्रॅक्चर, वर सूज आणि वर घट्ट पट्टी, ह्यात आत दाब वाढला की हाताचा रक्तपुरवठा अडतो आणि स्नायू काही तासांत कायमचे खराब होऊ शकतात, मग बोटं पंजासारखी आत वळून राहतात. ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून फोल्कमनचं नाव पाठ करून घ्यायचे, त्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये हे लिहिलंय, म्हणजे गोष्ट काही नवीन नाही. तुम्ही आई म्हणून जे बघितलंत तेच आम्हाला बघायला शिकवतात: औषधाने न थांबणारं आणि वाढतच जाणारं दुखणं, बोट हळूच सरळ केलं तरी किंचाळणं, बोटं थंड, पांढरी किंवा निळी, मुंग्या किंवा बधिरपणा, बोटं हलवता न येणं. ह्यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे तीन वाजलेले असोत, दवाखाना गाठायचा, तो दवाखाना नाही म्हणाला तर जवळचा दुसरा, आणि स्पष्ट सांगायचं की प्लास्टर सैल करून हात बघा. सैल केलेलं प्लास्टर परत घालता येतं. घरी सोडतानाच हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि तुम्हाला तो कागद मिळाला नाही ही दवाखान्याची चूक.

तारा साधारण तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात, बहुतेक मुलांना त्यासाठी भूल लागत नाही. तोवर तारांच्या जागी पू, वास, ताप दिसला तर दाखवायचं. नंतर कोपर पूर्ण सरळ होत नाही म्हणून आजी तेलाची वाटी घेऊन बसतील, तेवढं थांबवा, कोपराला चोळलं, ओढलं की स्नायूतच हाड धरायला लागतं आणि मग कोपर खरंच अडकतं. मुलाला खेळू द्या, स्वतःच्या हाताने जेवू द्या, काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत त्याचं तोच सरळ करतो. परत झाडावर कधी चढायचं ते डॉक्टरांना विचारा, पण चढू नकोस असं कायमचं सांगू नका.

लातूर जिल्ह्यातून एक मुलगा: वडील ऊसतोडीला जातात, ट्रॉलीवरून पडून हाताची दोन्ही हाडं मोडली. प्लेटचं ऑपरेशन सांगितलंय आणि आधी डिपॉझिट भरा म्हणतात. रेशन कार्ड आहे. काय करू?

बाळा, पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचार, हा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशन कार्ड, आधार आणि एक्सरे घेऊन जा आणि वडिलांचं हेच ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतं का ते त्याच्याकडूनच विचारून घे, काउंटरवरच्या माणसाकडून नाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या दवाखान्यांतच. मंजुरी मिळाली की त्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. हा दवाखाना योजनेत नसेल तर जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज, तिथे गर्दी आहे, थांबावं लागतं, पण हाताच्या हाडांची ऑपरेशनं तिथे सतत होत असतात आणि हात नीट स्लॅबमध्ये बांधलेला असेल, कातडी फाटलेली नसेल, बोटं गरम आणि हलती असतील तर एक-दोन दिवसाने फार बिघडत नाही. जखम उघडी असेल, हाड बाहेर दिसत असेल तर मात्र क्षणभर थांबायचं नाही.

डिस्चार्जच्या वेळी कार्ड, सगळे एक्सरे आणि प्लेटचं स्टिकर मागून घे, प्लेटच्या पाकिटावर कंपनी आणि नंबर असतो तो, पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर लागतो. कागद दिले नाहीत तर लेखी अर्ज कर, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. आणि वडील कोयता परत कधी धरणार हे मुकादमाने ठरवायचं नाही. एक्सरेत हाड जुळलेलं दिसल्याशिवाय नाही.

पुण्याहून एक कॉलेजची मुलगी: प्लास्टरच्या आत भयंकर खाज येते, मी फूटपट्टी घालून खाजवते, चालेल का?

नको गं. फूटपट्टी, सुई, पेन काहीच नको, आत जखम झाली तर दिसणार नाही आणि पिकेल. पावडरही नको, ती आत ओली होऊन गोळे होतात. हेअर ड्रायरची थंड हवा आत सोड, प्लास्टरवरून टकटक कर, हात उंच ठेव. अंघोळीला दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर चिकटपट्टी, आणि तरी हात पाण्याबाहेरच.

रत्नागिरीहून एक वाचक: आई ७२ वर्षांची, खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी प्लास्टर नाही, ऑपरेशन नाही, फक्त झोळीत हात दिला आणि घरी पाठवलं. म्हाताऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतंय असं वाटलं. आता तर कोपरापर्यंत सगळं काळंनिळं झालंय.

तुमचा राग समजतो, कारण कोणी समजावून सांगितलं नाही तर झोळी म्हणजे हयगयच वाटते. पण खांद्याजवळच्या ह्या फ्रॅक्चरला फार सरकलेलं नसेल तर झोळी हाच उपचार असतो, तिथे प्लास्टर नीट बसतच नाही आणि बहुतेक लोकांचं ऑपरेशनशिवाय जुळतं. काळंनिळं होणं म्हणजे आत साठलेलं रक्त खाली उतरतंय, कोपरापर्यंत येतं, छातीवरही येतं, दोन-तीन आठवड्यांत पिवळं होऊन जातं. फक्त बोटं हलतायत ना, मनगट वर उचलता येतंय ना, हे रोज बघा.

रात्री आडवं झोपवू नका, पाठीला उशा लावून अर्धवट बसतं आणि कोपराच्या मागे एक छोटी उशी, नाहीतर हात मागे पडतो आणि आई ओरडून उठतात. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. काही दिवसांनी डॉक्टर सांगतील तेव्हा पुढे वाकून हात घंटेच्या लोलकासारखा सैल सोडून हलवायचा व्यायाम सुरू होतो, तो कधी सुरू करायचा ही तारीख आजच फोन करून विचारून घ्या, कारण म्हाताऱ्या माणसाचा खांदा झोळीत विसरून राहिला की तो परत मोकळा करायला महिनोन्महिने जातात. काख रोज पुसा आणि कोरडी करा, तिथे घामाने चिघळतं आणि त्या लाजून सांगणार नाहीत.

आणि मधेच माझं एक सांगते, कारण हे पत्रात कोणीच लिहिलं नाही. माझं प्लास्टर घातलं ते बोटांच्या मुळांच्या पुढे आलं होतं, मूठच वळेना. मला माहीत होतं की मनगटाचं प्लास्टर तळहाताच्या वरच्या रेषेपर्यंतच हवं, बोटं मुळापासून वाकली पाहिजेत, पण दुखत होतं, रात्र झाली होती, मीही गप्प घरी आले. सकाळी परत जाऊन कापून घेतलं. मला जे माहीत होतं ते पहिल्यांदाच हात मोडलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? म्हणून प्लास्टर ओलं असतानाच मूठ वळवून बघा आणि वळत नसेल तर तिथेच सांगा. तसंच पडल्यापडल्या अंगठी, बांगड्या, पाटल्या काढा. हिरव्या बांगड्या काढायच्या नाहीत म्हणून थांबलेल्या बाया मी बघितल्यात, सुजेनंतर त्या कापाव्याच लागतात आणि तेव्हा फार दुखतं.

डोंबिवलीहून एक गृहस्थ: बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. स्वयंपाक मी करतो, तिचे केसही मीच विंचरतो, तरी ती चिडते, मधूनच रडते, म्हणते मला सगळं कोणीतरी करून द्यावं लागतं. मी काय करू?

तुम्ही करताय ते खूप आहे दादा. रडणं येतंच, झोप मोडलेली असते, दुखतं, आणि ब्लाउजचा हूकसुद्धा दुसऱ्याने लावायचा हे बाईमाणसाला फार लागतं. म्हणून पुढून बटणांचे सैल गाऊन आणा, घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हे लक्षात ठेवलं की ओढाताण होत नाही. भाजी चिरायची पाटी खाली ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही, आणि मटार सोलणं, लसूण सोलणं तिला करू द्या, प्लास्टरमधल्या हाताची बोटंही त्यात आपोआप चालतात. पुढच्या ओपीडीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, प्लास्टर कधी काढणार, त्यानंतर फिजिओ कोण दाखवणार, कामावर कधी जायचं, लोकल कधी धरायची. डॉक्टर घाईत असले तरी कागद समोर ठेवला की उत्तर देतात. फक्त उत्तरं तिला द्यायला सांगा, तुम्हाला नाही, बहुतेक डॉक्टर नवऱ्याकडे बघून बोलतात.

आणि केस तुम्ही विंचरा, वेणीही घाला, पण शेवटचा रबरबँड तिला लावू द्या, दोन्ही हातांनी, दहा मिनिटं लागली तरी.